पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे कितीही घेतली तरी अपाय होत नाही, हे खरे आहे का?

नाही, हे खरे नाही. आमच्या घरात हे विधान मी इतक्या वेळा ऐकले आहे की तुमच्या प्रश्नात ते पुन्हा वाचल्यावर उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही. तुम्ही विचारले आहे की ब-गटातील जीवनसत्त्वे आणि क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतात व जादा झालेला भाग लघवीवाटे निघून जातो, तर ती मोठ्या मात्रेत वर्षानुवर्षे घेण्यात काही गैर आहे का. आणि शिवाय रोज मल्टिव्हिटॅमिनची गोळी घ्यावी का. दुसऱ्या भागाकडे मी नंतर वळते. पहिल्या भागाचे उत्तर मला पुस्तकात शोधावे लागले नाही.

मी लेखापरीक्षणाचे काम करते. वयाच्या ५१व्या वर्षी मला सतत थकवा जाणवू लागला आणि तोंडही वारंवार येऊ लागले, म्हणून बी-कॉम्प्लेक्सची एक गोळी सुरू केली. ती कोणी लिहून दिलेली नव्हती. माझे धाकटे दीर रसायनशास्त्राचे पदवीधर आहेत आणि औषधांच्या बाबतीत घरात त्यांचे मत प्रमाण मानले जाते. त्यांनी वेष्टन उलटून पाहिले आणि गोळी चांगली असल्याचा निर्वाळा दिला. काही दिवसांनी लघवीचा रंग गर्द, जवळजवळ चमकणारा पिवळा होऊ लागला, तेव्हा मी संकोचत त्यांना विचारले. ते म्हणाले, “वहिनी, जादा झालेले बाहेर पडते आहे. पाण्यात विरघळणाऱ्या जीवनसत्त्वांची हीच तर गंमत आहे, ती साठतच नाहीत.” मला हे पटले, कारण पुरावा रोज सकाळी डोळ्यांसमोर होता. तो पिवळा रंग केवळ ब-२चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा असतो आणि त्यावरून गोळीतील इतर घटकांचे काय झाले हे काहीही कळत नाही, हे मला दोन वर्षांनी समजले.

वर्षभराने तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. बैठे काम करणाऱ्या बाईने त्याचा दोष खुर्चीला द्यावा, तसा मीही दिला. मग बोटांची टोके बधिर झाली आणि दिरांनी शिरांसाठी म्हणून मिळणारी आणखी एक गोळी सुचवली. रात्री पोटऱ्यांत गोळे येत, त्यासाठी मॅग्नेशियमची गोळी चालू होतीच. मुंग्या वाढल्या की मी गोळ्या अधिक नेमाने घेत असे. एके दिवशी जिना चढून वर आले तेव्हा एका पायात चप्पल नव्हती. ती चार पायऱ्या खाली पडली होती आणि पायातून निसटल्याचे मला कळलेही नव्हते. त्याच आठवड्यात तोंडाला साबण लावून डोळे मिटले आणि तोल जाऊन बेसिनवर आदळले. डोळे उघडे असताना मी सरळ उभी राहू शकत होते, पण मिटले की शरीर कोठे आहे हे पायांकडून समजतच नसे. मज्जातंतुतज्ज्ञांना हे लक्षण चांगले परिचयाचे असते.

ज्या मज्जातंतुतज्ज्ञांकडे मी गेले, त्यांनी तपासणीच्या आधीच घरातील सगळ्या बाटल्या आणि पाकिटे आणायला सांगितली. त्यांच्या टेबलावर ती ओळीने मांडून त्यांनी मला एका कागदावर फक्त ब-६चे, म्हणजे पायरिडॉक्सिनचे, आकडे लिहायला लावले. बी-कॉम्प्लेक्समध्ये ५० मिलिग्रॅम, शिरांच्या गोळीत १००, आणि मॅग्नेशियमच्या गोळीत, जिथे ते असेल अशी मला शंकाही नव्हती, १० मिलिग्रॅम. एकूण १६०. पन्नाशीनंतरच्या स्त्रीला दिवसाला सुमारे १.५ मिलिग्रॅम पुरते, म्हणजे मी गरजेच्या शंभर पटींहून अधिक घेत होते. दुसऱ्यांच्या ताळेबंदातील बेरजा तपासण्यात आयुष्य घालवलेल्या मला ही तीन ओळींची बेरीज एकदाही सुचली नव्हती, याची लाज मला अजून वाटते. रक्तातील ब-१२ व्यवस्थित होते, साखरही ठीक होती, ब-६ची पातळी मात्र बरीच वर होती. मज्जातंतूंच्या वहनाच्या चाचणीत संवेदना वाहून नेणारे तंतू मंदावलेले दिसले आणि स्नायूंना हालवणारे तंतू जवळजवळ शाबूत होते.

असे का होते? शरीरातील बहुतांश ब-६ स्नायूंमध्ये असते आणि तो साठा कमी व्हायला आठवडे लागतात, त्यामुळे “साठतच नाही” हे म्हणणे मुळातच चुकीचे आहे. मात्रा मोठी असली की पाठीच्या कण्यालगतच्या ज्या पेशीपुंजांतून संवेदनेचे तंतू निघतात, त्यांना इजा होते. म्हणून बळ राहते आणि स्पर्श, कंप, तोल यांचे भान जाते. हा धोका काही आता कळलेला नाही. १९८३ साली वैद्यकीय नियतकालिकात अशा ७ प्रौढ रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली होती. ते दिवसाला २ ते ६ ग्रॅम, म्हणजे माझ्यापेक्षाही कितीतरी अधिक, पायरिडॉक्सिन घेत होते. पुढे त्याहून खूपच कमी मात्रेतही हा त्रास होऊ शकतो असे दिसत गेले. अमेरिकेत प्रौढांसाठी दिवसाला १०० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा मानतात, तर युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. या दोन आकड्यांतील अंतर पाहिले म्हणजे “कितीही घ्या” म्हणणाऱ्याचा आत्मविश्वास कोठून येतो, असा प्रश्न मला पडतो. यातील सर्वांत विचित्र बाब अशी की ब-६च्या कमतरतेनेही हातापायांना मुंग्याच येतात. क्षयरोगावरील आयसोनियाझिड हे औषध घेणाऱ्यांना म्हणूनच त्याच्या जोडीला थोडे पायरिडॉक्सिन देतात. कमी पडले तरी मुंग्या आणि जास्त झाले तरी मुंग्या, त्यामुळे अंदाजाने गोळी वाढवणारा माणूस नेमका उलट्या दिशेने जाऊ शकतो.

गोळ्या थांबवल्यावर लगेच बरे वाटेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पहिले तीन आठवडे त्रास वाढला. असे होऊ शकते हे डॉक्टरांनी आधी सांगितले नसते, तर मी पुन्हा शिरांच्या गोळीकडे वळले असते. तोल सावरायला दहा महिने लागले. डाव्या पायाच्या दोन बोटांची टोके अजूनही बधिर आहेत.

हे सगळे ऐकल्यावर दिरांनी सांगितले की उत्सर्जन होतेच, माझी प्रकृतीच नाजूक असावी. त्यांना मी जे उत्तर दिले, तेच तुम्हालाही देते. ब-१२ हेही पाण्यातच विरघळते, पण यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरेल इतका असतो. म्हणून तर आहारातून किंवा पचनसंस्थेतून त्याचा पुरवठा थांबल्यानंतरही कमतरतेची लक्षणे उशिरा दिसतात. नायसिनच्या, म्हणजे ब-३च्या, मोठ्या मात्रेने चेहरा लाल होतो आणि यकृताला इजा होऊ शकते. फॉलिक आम्ल, म्हणजे ब-९, भरपूर घेतले तर ब-१२च्या कमतरतेने आलेला पंडुरोग सुधारल्यासारखा दिसतो आणि मज्जातंतूंची हानी मात्र आतल्या आत चालूच राहते. क जीवनसत्त्व दिवसाला २ ग्रॅमच्या वर गेले की जुलाब होऊ शकतात आणि काहींना मूतखड्याचा धोका वाढतो. एखादा पदार्थ कशात विरघळतो यावरून तो किती निरुपद्रवी आहे हे ठरत नाही, एवढी साधी गोष्ट रसायनशास्त्राच्या पदवीधराला मी सांगावी लागली.

चरबीत विरघळणाऱ्या अ, ड, ई आणि के यांच्याबद्दल लोक तसे सावध असतात, म्हणून त्यांवर थोडक्यात लिहिते. ड जीवनसत्त्वाच्या अतिरेकाने रक्तातील कॅल्शियम वाढते, तहान, बद्धकोष्ठ, गोंधळलेपण येते आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात अधिक घेतल्यास यकृताला आणि गर्भवतीच्या बाबतीत गर्भाला धोका असतो. शरीर ज्यापासून अ जीवनसत्त्व बनवते ते बीटा-कॅरोटिन तुलनेने सौम्य समजले जाते, परंतु फिनलंडमध्ये २९ हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या आणि १९९४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते गोळीतून घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले आढळले.

आता मल्टिव्हिटॅमिनबद्दल. ज्या गोळीत प्रत्येक घटक रोजच्या गरजेइतका किंवा त्याच्या आसपास आहे, अशी एक गोळी बहुतेकांना अपाय करत नाही. मिश्र आहार घेणाऱ्या निरोगी माणसाला तिचा विशेष लाभ होतो, हेही मला पटलेले नाही. वेष्टनावरील नाव वाचण्याऐवजी मागची बारीक अक्षरे वाचा आणि घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पावडरी व पेये यांतील एकाच घटकाची बेरीज करा. केवळ अन्नातून ब-६ घेऊन कोणाला असा अपाय झाल्याचे ज्ञात नाही, हेही सांगायला हवे.

हे वाचून कोणी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करू नयेत. प्राणिज पदार्थ पूर्ण वर्ज्य करणाऱ्यांना ब-१२ बाहेरून घ्यावेच लागते. मधुमेहावरील मेटफॉर्मिन हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांनी ते तपासून घ्यावे. गर्भधारणेच्या आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांची शक्यता कमी होते. नवजात बाळाला दिले जाणारे के जीवनसत्त्व रक्तस्राव टाळते. माझा राग जीवनसत्त्वांवर नाही.

दिरांचे म्हणाल, तर गेल्या वर्षी केस गळतात म्हणून त्यांनी बायोटिन हे ब-गटातील जीवनसत्त्व सुरू केले, दिवसाला १० मिलिग्रॅम. गरज असते सुमारे ३० मायक्रोग्रॅमची. नेहमीच्या रक्ततपासणीत त्यांची थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असल्याचा अहवाल आला आणि घरात धावपळ उडाली. कित्येक प्रयोगशाळांच्या चाचण्यांत बायोटिनचाच वापर केलेला असतो आणि रक्तात ते भरपूर असले की आकडे चुकतात, हे मी माझ्या आजारपणात वाचले होते. डॉक्टरांना विचारून काही दिवस गोळी बंद ठेवली आणि पुन्हा तपासणी केली. अहवाल अगदी व्यवस्थित आला. मी दोन्ही कागद त्यांच्यासमोर ठेवले आणि बायोटिनही पाण्यातच विरघळते याची आठवण करून दिली. ते म्हणाले, “वहिनी, तो दोष चाचणीचा आहे, जीवनसत्त्वाचा नाही.” काटेकोरपणे पाहता या वेळी त्यांचे म्हणणे बरोबर होते, आणि मी ते अजून त्यांच्याजवळ कबूल केलेले नाही.