दाढी वाढते, मग डोकेच का उजाड?

प्रश्न : माझी भाची परळच्या एका संशोधन संस्थेत माणसाच्या त्वचेतील पेशी बशीत वाढवून पुरुषी संप्रेरकांचा, म्हणजे अँड्रोजेन्सचा, अभ्यास करते. शरीर नाही, रक्त नाही, तर नुसत्या पेशींवरून काय कळणार? दुसरे असे की माझे डोके चाळिशीतच उजाड झाले, दाढी मात्र दोन दिवस केली नाही तर जंगल माजते. संप्रेरक एकच असताना असे का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, म्हणून तोच आधी घेतो. आपल्या हनुवटीला आणि टाळूला पोहोचणारे रक्त एकच, त्यातले टेस्टोस्टेरॉन हे मुख्य अँड्रोजेनही तेच. तेव्हा फरक संप्रेरकात नसून ते स्वीकारणाऱ्या पेशीत असला पाहिजे. आता हा फरक जिवंत माणसात तपासायचा तर आहार, वय, औषधे, यकृताचे काम अशा असंख्य गोष्टी मध्ये येतात. बशीत त्या येत नाहीत. शरीराचा अभाव ही आपल्याला उणीव वाटते, पण या अभ्यासाचा सगळा आधार तोच आहे.

केसाच्या मुळाशी डर्मल पॅपिला नावाचा पेशींचा एक बारीक पुंजका असतो आणि केस किती जाड व किती लांब व्हायचा हे बहुतांशी तोच ठरवतो. उपटलेल्या केसाबरोबर तो सहसा येत नाही, त्वचेतच राहतो. त्यामुळे त्वचेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून, सुईच्या टोकाने तो एकेक करून सोडवावा लागतो. असे पुंजके पोषक द्रवात, 37 अंश सेल्सिअस तापमानाला आणि 5 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत ठेवले, की काही दिवसांनी त्यांच्या कडेने पेशी बाहेर सरकू लागतात. अशा वाढवलेल्या पेशींत दाढीच्या पेशींकडे अँड्रोजेनचे ग्राहक-प्रथिन, म्हणजे संप्रेरकाला पकडून घेणारे प्रथिन, टक्कल न पडणाऱ्या टाळूच्या पेशींपेक्षा जास्त आढळले. संप्रेरक दिल्यावर दाढीच्या पेशी वाढीस चालना देणारा आयजीएफ-1 हा घटक सोडतात, तर टक्कल पडणाऱ्या टाळूच्या पेशींत वाढ रोखणाऱ्या टीजीएफ-बीटा-1 चा प्रभाव दिसतो. निरोप एकच, पण ऐकणाऱ्याने त्याचा अर्थ उलटा लावलेला! शरीरातून काढून बशीत आणल्यावरही पेशी आपला मूळ पत्ता विसरत नाही, हे यातून दिसते. केशरोपणाचे तंत्रही याच गुणावर उभे आहे: डोक्याच्या मागचे केस पुढे लावले तरी ते मागच्यासारखेच टिकून राहतात.

पेशीच्या आत घडते ते थोडक्यात असे. टेस्टोस्टेरॉन पेशीत शिरते आणि 5-अल्फा-रिडक्टेज हे विकर त्याचे अधिक प्रभावी डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन बनवते. ते ग्राहक-प्रथिनाला चिकटते आणि ही जोडी केंद्रकात जाऊन ठरावीक जनुके चालू किंवा बंद करते. यातली कोणतीही पायरी हुकली तर रक्ततपासणीत संप्रेरक पुरेसे दिसूनही शरीर त्याला दाद देत नाही. काही व्यक्तींची गुणसूत्रे एक्स-वाय असतात, टेस्टोस्टेरॉनही भरपूर असते, पण शरीराची बाह्य घडण स्त्रीची होते. 1974 साली अशा व्यक्तींच्या त्वचेतून वाढवलेल्या पेशींत डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन चिकटतच नाही, असे दिसून आले. ग्राहक-प्रथिनाचे जनुक एक्स गुणसूत्रावरून वेगळे काढले गेले ते 1988 साली, म्हणजे जनुक हाती येण्याच्या कितीतरी आधी दोष नेमका कुठे आहे ते त्वचेच्या पेशींनी दाखवून दिले होते.

मात्र बशीही धुतल्या तांदळासारखी नसते, हे सांगायला हवे. पेशींना पोसण्यासाठी बहुधा गायीच्या गर्भातील रक्ताचे सीरम घालतात आणि त्यात स्वतःचीच संप्रेरके असतात; ती आधी कोळशाच्या भुकटीने शोषून काढावी लागतात, नाहीतर संप्रेरक न दिलेली बशी ही केवळ नावापुरती तशी राहते. द्रवाला गुलाबीसर रंग देणारे फिनॉल रेडसुद्धा स्त्री-संप्रेरकासारखा सौम्य परिणाम करते, म्हणून अशा प्रयोगांत ते टाळलेलेच बरे. माझ्या मते या क्षेत्रातले शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा परिच्छेद वाचावा.

आपल्या डोक्याबाबत बोलायचे तर, 5-अल्फा-रिडक्टेजला, मुख्यतः त्याच्या दुसऱ्या प्रकाराला, अडवणारे फिनास्टेराइड अमेरिकेत 1997 साली पुरुषांच्या टकलासाठी मंजूर झाले. ते घ्यावे की नाही हे त्वचारोगतज्ज्ञाशी बोलून ठरवा, कारण लैंगिक दुष्परिणाम काहींना जाणवतात आणि औषध थांबवले की मिळालेला फायदाही ओसरतो.

भाची भेटली की तिला एक विचारा: तिच्या फ्लास्कवर मार्करने 'पी' अक्षरापुढे कोणता आकडा लिहिलेला असतो? पेशी एका भांड्यातून दुसऱ्यात कितव्यांदा हलवल्या, याची ती नोंद असते. आकडा जसा वाढतो तशा या पेशी अँड्रोजेनला प्रतिसाद देईनाशा होतात, त्यामुळे तीन-चारच्या पुढच्या पेशींवर ती फारसा भरवसा ठेवत नसेल, तर तिचे काम नीट चालले आहे असे समजा.