लिनक्स सर्व्हरच्या नेटवर्कचा खरा वेग कसा मोजावा?

एक गिगाबिटची जोडणी असूनही स्पीडटेस्टचा आकडा दर वेळी वेगळा येतो, असे आपण विचारले आहे. त्या चाचणीत आपला सर्व्हर, मधला सगळा इंटरनेट मार्ग आणि पलीकडचा अनोळखी सर्व्हर या तिन्हींचा वेग एकत्र मोजला जातो, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे त्यातून कळत नाही. फाइल कॉपी करून वेग काढणे तर त्याहून फसवे, कारण तिथे डिस्क आणि एससीपीचे (फाइल सुरक्षितपणे पाठवणाऱ्या आज्ञेचे) एन्क्रिप्शनही आड येते.

प्रथम ‘ईथटूल’ या लिनक्सच्या आज्ञेने नेटवर्क कार्ड खरोखर १००० मेगाबिटवर जोडले गेले आहे ना, हे पाहावे, खराब केबलमुळे ते मुकाट्याने १०० वर उतरलेले असू शकते. मग आपल्याच ताब्यातील दोन यंत्रांवर ‘आयपर्फ३’ हे वेग मोजणारे साधन बसवून एकावर ते सर्व्हर म्हणून चालवावे, ५२०१ हे त्याचे पोर्ट फायरवॉलमध्ये खुले ठेवावे आणि मूळच्या १० सेकंदांऐवजी ६० सेकंदांची चाचणी घ्यावी. टीसीपी (डेटा पोचल्याची खात्री करून पाठवणारी पद्धत) सुरुवातीला वेग हळूहळू वाढवते, म्हणून पहिली काही सेकंदे वगळण्याचा पर्याय अवश्य वापरावा. रिव्हर्स पर्यायाने उलट दिशाही मोजावी. लांबच्या सर्व्हरशी एकच प्रवाह कमी पडत असेल, तर चार समांतर प्रवाह लावून पाहावेत. त्याने आकडा वाढला, तर अडचण बहुधा टीसीपी विंडोची (पोच येण्याआधी किती डेटा पाठवता येतो त्या मर्यादेची) किंवा वाटेतील पॅकेट-गळतीची असते.

सुमारे ९४० मेगाबिट मिळाले, तर जोडणी उत्तम आहे. उरलेला वाटा हेडरांचा, म्हणजे प्रत्येक पॅकेटला जोडलेल्या पत्ता वगैरे माहितीचा. यूडीपी (पोच न घेता डेटा पाठवणारी पद्धत) चाचणीत मात्र वेग स्वतः नमूद करावा, अन्यथा ती जेमतेम १ मेगाबिटवरच चालते.