हवामानावरची यमकातली चित्रपुस्तकं लहान मुलांना द्यावीत की सरळ माहितीची?

यमकातलीच द्या, बिनधास्त द्या. तुमचा प्रश्न असा की मूल अडीच वर्षांचं आहे, पाऊस-वारा-ऊन यावरची चित्रपुस्तकं घ्यायचीत, पण यमक जुळवायच्या नादात लेखक काहीही लिहितात आणि ते चुकीचंच डोक्यात बसतं असं तुम्हाला कोणीतरी सांगितलंय. हेच वाक्य मी माझ्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाहीये.

माझी मोठी बहीण शाळेत विज्ञान शिकवते. तिचं ठाम मत की यमक म्हणजे नुसता नाद, त्यातून शिकायला काही मिळत नाही, उलट नंतर वर्गात तिला ते सगळं पुसून काढावं लागतं. आता झालं असं की माझी लेक तिनाची होत आली तेव्हा तिला गडगडाटाची भयंकर भीती बसली. आमच्याकडे एक यमकातलं पुस्तक होतं, चित्रं खरंच देखणी, पण विजेच्या पानावर भुवया चढवलेला, गाल फुगवलेला काळा ढग आणि खाली मजकूर असा की ढगोबा रागावलेत, एकमेकांवर आपटतायत. ते पान आलं की पोरगी पुस्तक उपडं ठेवायची. आणि रात्री बाहेर खरोखर गडगडलं की माझ्या कुशीत घुसून विचारायची, "बाबा, ढग माझ्यावर का चिडलाय?"

ताईला हे कळलं आणि तिने तेच धरलं. बघ, सांगत होते ना, फेकून दे ती यमकं. आणि स्वतः एक माहितीचं पुस्तक घेऊन आली, बाण, नावं, बाष्पीभवन, सांद्रीभवन, सगळं अचूक. लेकीने थोडा वेळ बोटाने बाण गिरवले, पुस्तक बाजूला ठेवलं आणि परत कधी मागितलं नाही. त्यात एक वाक्य होतं की विजेच्या उष्णतेने हवा एकदम प्रसरण पावते आणि आवाज होतो. शंभर टक्के खरं, तिथली हवा 30,000 अंशांपर्यंत तापते, पण हे वाक्य तीन वर्षांच्या तोंडात राहणार कसं? रात्री अंधारात घाबरलेल्या पोराला ते आठवणार आहे का?

मग मी त्या पहिल्याच पुस्तकातल्या मजकुरावर कागदाची पट्टी चिकटवली, भुवयांवर पांढरा कागद डकवला, आणि चार ओळी लिहिल्या:

वीज लखलख झाली,
एक दोन तीन चार,
गडगड मग आली,
लाव पटकन दार.

साधं अष्टाक्षरी, प्रत्येक ओळीत आठ अक्षरं, म्हणून जीभ कुठे अडखळत नाही. वाचताना मी आकडे सावकाश म्हणायचो आणि शेवटच्या ओळीत "लाव पटकन" म्हणून थांबायचो. तिसऱ्या-चौथ्या वाचनानंतर "दार!" ती ओरडायला लागली आणि उठून खोलीचं दार खरंच ढकलायला लागली. नंतर बाहेर वीज चमकली की कुशीत घुसायच्या आधी मोजायची. भीती एका रात्रीत गेली असं मी म्हणणार नाही, पण तिच्या हाताला काम मिळालं. आणि मग एके दिवशी तिने स्वतः विचारलं, "आधी लखलख आणि मग गडगड का?"

हाच तो प्रश्न, जो बाणांच्या पुस्तकातून तिला पडला नव्हता. मी सांगितलं, दोन्ही एकदमच होतात, उजेड लगेच पोचतो, आवाज मागून चालत येतो. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला तीन सेकंद, म्हणजे सावकाश चार मोजेपर्यंत गडगडलं तर वीज साधारण 1.3 किलोमीटरवर पडलीये आणि दार लावणंच बरोबर. ताई म्हणाली तीन वर्षांच्या पोरीला आवाजाचा वेग कळतो का. नाही कळत, कळायची गरजही नाही. घटनांचा क्रम डोक्यात बसला, कारण पुढे शाळेत कळेल, आणि ताईला पुसावं लागेल असं त्या चार ओळींत काहीही नाहीये. यमकाने चूक होत नाही, आळशी लेखक चूक करतो. ढग आपटतात हे गद्यात लिहिलं असतं तरी चूकच होतं ना?

आता निवडायची कशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आला-गेला-झाला, पडतो-रडतो असली यमकं झोपेतही जुळतात. पानामागून पान नुसत्या क्रियापदांवरच यमक असेल तर ठेवून द्या, लेखकाने कष्टच घेतलेले नाहीत. भाषांतरित पुस्तकं जास्त सांभाळून घ्या, चित्रं मूळ भाषेतल्या यमकासाठी काढलेली असतात, मग मराठीत त्या चित्रातल्या टोपीला किंवा मांजराला ओळीत कुठेतरी कोंबलेलं असतं आणि लय मोडते. आपल्याकडे रिमझिम, रिपरिप, धो धो, टपटप, कडकडाट, सोसाट्याचा वारा असा नाद भाषेतच तयार आहे, तो न वापरता "छान पाऊस पडला" लिहिणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

चित्रंही तपासा. इंद्रधनुष्य आणि सूर्य शेजारी शेजारी काढलेले असतील तर चूक, सूर्य आपल्या पाठीमागे असल्याशिवाय इंद्रधनुष्य दिसत नाही, आणि लाल रंग कमानीच्या बाहेरच्या कडेला असतो. पावसाचा थेंब डोळ्यातल्या पाण्यासारखा टोकदार नसतो, लहान थेंब गोल असतो आणि मोठा थेंब खालून चपटा होतो. पण थेंबासाठी मी पुस्तक नाकारणार नाही, इंद्रधनुष्यासाठी नाकारेन, कारण ते मूल स्वतः आकाशात शोधायला जातं आणि चुकीच्या दिशेला बघत बसतं.

आणि यमकाचा फायदा फक्त पाठांतरापुरता आहे असंही नाही. 1983 साली ब्रॅडली आणि ब्रायंट या दोन संशोधकांचा अभ्यास "नेचर" या विज्ञान नियतकालिकात आला होता, चार-पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांना कोणता शब्द आवाजाने इतरांशी जुळत नाही हे ओळखायला लावलं, मग काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, तर ज्यांना हे जमत होतं त्यांचं पुढचं वाचन चांगलं निघालं. मी हे ताईला पाठवलं, तिने फक्त अंगठा दाखवला. अर्थात ती मुलं इंग्रजी शिकणारी होती, आपल्या लिपीत व्यंजन आणि स्वर मिळून एकच अक्षर होतं, त्यामुळे जसंच्या तसं मराठीला लावू नका.

हो, आणि माहितीची पुस्तकं वाईट असं मी म्हटलेलं नाही. पाच-सहाच्या पुढे मुलं तीच मागतात, तेव्हा द्या. विजेचं मोजणं घरात बसून करायचं, चारच्या पुढे आकडा गेला तरी बाहेर खेळायची परवानगी मिळत नाही. गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला तर आतच थांबायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर जायचं नाही, हे मोठ्यांनाही लागू.

तुम्ही पुस्तकांची नावं विचारली होती, ती मी देत नाही. यादी बघून पुस्तक मागवण्यापेक्षा हातात घेऊन दोन पानं मोठ्याने वाचा, तुमच्या मुलाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. दुसऱ्या वाचनात त्याने शेवटचा शब्द तुमच्या आधी म्हटला तर घ्या, कोणी काहीही सांगू दे.