आजोबांचा भूकंप नातवाच्या रक्तात असतो का?

"मॅडम, तो गेम बंदच करून टाकू का?" अकरावीतल्या मुलाला घेऊन आलेल्या आईने विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा पहाटे दचकून उठायचा आणि अंथरूण दाराशी ओढून न्यायचा. म्हणायचा, "आजोबांचा भूकंप माझ्या डीएनएत आहे." २००७ पासून लोकप्रिय असलेल्या 'असॅसिन्स क्रीड' या गेममध्ये 'अ‍ॅनिमस' नावाचं यंत्र आहे. त्यात आडवं झालं की पूर्वजांच्या आठवणी जगता येतात. आजोबा किल्लारीच्या बाजूचे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, आदल्या रात्री गणपती विसर्जन झालेलं, दगडमातीची घरं झोपेतच अंगावर आली. त्यात त्यांचा धाकटा भाऊ गेला.

उंदरांवरच्या प्रयोगाचा व्हिडिओही मुलाने पाहिला होता. एका वासाला घाबरवलेल्या उंदरांची पिल्लं त्याच वासाला जास्त बिचकली, हे खरं आहे. पण ती वासाबद्दलची संवेदनशीलता झाली. पडणारी भिंत, हाका, अंधार असा प्रसंग डीएनएत साठत नाही.

गेमचा नियम त्यानेच सांगितला: मूल पोटात राहीपर्यंतच्याच आठवणी पुढे जातात. मी विचारलं, "भूकंपाच्या वेळी बाबा केवढे होते?"

"सातवीत. पुण्याला मावशीकडे." मग स्वतःच म्हणाला, "म्हणजे गेमच्या हिशोबानेही नाही येणार."

मग भीती आली कुठून? आजोबा आजही भिंतीपासून लांब, दाराशी खाट टाकून झोपतात. उशाशी बॅटरी. सुट्टीत नातू त्यांच्याच शेजारी. दर अनंत चतुर्दशीला घरात तीच हकिकत, तीही धाकट्या भावाच्या नावापर्यंत येऊन थांबणारी. पुढचं मुलाने स्वप्नात भरलं. भीती अशी घरातून शिकली जाते, आणि शिकलेली भीती कमी करता येते.

आईला सांगितलं, गेम राहू दे, फक्त रात्री दहानंतर नको. मुलाला म्हटलं, आजोबांना भावाबद्दल विचार. नको म्हणाले तर आग्रह करू नकोस.

आजोबा बोलले. भाऊ लेझीम उत्तम खेळायचा, त्या रात्रीही खेळला होता. नातवाला हे पहिल्यांदाच कळलं. पहाटेची जाग अजून अधूनमधून येते, पण अंथरूण आता जागच्या जागी असतं. आजोबांनी शोधून दिलेला भावाचा शाळेतला फोटो घेऊन तो पुढच्या भेटीला आला.