गुलाम-बाजाराची थीम, सिद्दी मैत्रीण आणि 'चालतंय की'

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, गोवा मिळून अठरा-वीस जण, खानापूर रोडला एका फार्महाऊसवर दोन दिवसांची किंक मीट, म्हणजे छडी, दोरी, मालक-गुलाम असे खेळ आपखुशीनं खेळणाऱ्या प्रौढांचा मेळावा. एका जुन्या सदस्याला 'गुलामांचा बाजार' ही थीम हवी आहे, त्यात तोंडाला काळा रंग लावून 'हबशी' व्हायचं आहे. येणाऱ्यांत हल्याळकडची, आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजातली एक मुलगी आहे, शिवाय धारवाडला शिकायला आलेला एक आफ्रिकन मुलगा. तुम्ही हरकत घेतली तर उत्तर आलं, "सीन करणारी दोघं तयार हाईत की ओ, मग तुम्ही राजकारण कशाला आणायलासा?" आता नियम काय लिहायचे, असं विचारलंय.

आधी थीम रद्द करा, नियम मागाहून लिहा. रद्द करताना कारणांची लांबलचक पोस्ट टाकायची गरज नाही. पण तुमच्या स्वतःच्या मनात कारण पक्कं असावं, म्हणून मी जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही कुठं हा बाजार मांडणार? खानापूर तालुक्यात. पोर्तुगीजांनी पूर्व आफ्रिकेतून माणसं धरून गोव्यात आणली, विकली. त्यातले कितीतरी जण पळून घाट चढून वर आले आणि जंगलात राहिले. त्यांची नातवंडं-पतवंडं आज हल्याळ, यल्लापूर, अंकोला, मुंडगोड आणि आपल्या याच खानापूरच्या रानातल्या वाड्यांवर राहतात. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा 2003 साली मिळाला, बेळगाव-धारवाडच्या सिद्दींना 2020 मध्ये. म्हणजे परवा. तुमची ती मैत्रीण घरात कोकणी बोलते, बाजारात कन्नड, आपल्याशी मराठी, आणि तरी बसमध्ये तिला "कुठल्या देशाची?" म्हणून विचारतात. तिच्या पूर्वजांना ज्यातून जीव घेऊन पळावं लागलं, तेच तुम्ही तिच्या तालुक्याशेजारी येऊन करमणूक म्हणून मांडणार, आणि ती कोपऱ्यात बसून सरबत पिणार, असं चित्र आहे.

'हबशी' हा शब्दही बघा. इतिहासाच्या पुस्तकात तो मलिक अंबराला लागतो. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस पुढं निजामशाहीचा कारभार हाकू लागला आणि 1626 मध्ये वारला. तिथं शब्दाला वजन आहे. गल्लीत मात्र तो काळ्या पोराला हाक मारायला वापरतात. तुमच्या सदस्याला यातला कुठला हबशी व्हायचंय, ते आपल्याला माहीत आहे.

आणि काळा रंग. अमेरिकेत गोऱ्या नटांनी तोंड काळं करून काळ्यांची टिंगल करायचा धंदाच एकोणिसाव्या शतकात चालवला होता, पण तेवढ्या लांब जायचं कारण नाही. 2005 साली आपल्या बेळगावच्या महापौरांच्या तोंडाला बेंगळुरात काळं फासलं, तेव्हा इथं किती दिवस घराघरात तोच विषय होता ते आठवा. मराठीत 'तोंडाला काळं फासणं' म्हणजे अब्रू घेणं. आपल्या भाषेत काळा रंग हीच शिक्षा आहे. मग ज्याच्या कातडीचा रंगच तो आहे, त्यानं समोर बसून काय समजायचं? सीमाभागातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं याचं मला नवल वाटतं.

आता "दोघं तयार हाईत" याबद्दल. यात माझी स्वतःची चूक आहे, ती सांगते.

चारेक वर्षांपूर्वी गडहिंग्लजच्या पुढं एका भाड्याच्या बंगल्यात मीट होती. एक जोडपं, दोघंही शिकलेली, बोलणी व्यवस्थित केलेली, लिमिट, म्हणजे काय चालणार नाही ते, कागदावर लिहिलेल्या. सीन, म्हणजे दोघांनी ठरवून करायचा खेळ, होता मालक आणि मोलकरणीचा, अपमानाचा. मी मॉनिटर, म्हणजे सीनवर लक्ष ठेवणारी, दाराशी स्टुलावर टॉर्च घेऊन बसलेली. मध्येच त्यानं तिला जातीवरून एक शब्द वापरला. तिनं तो आधीच मान्य केलेला होता. सेफवर्ड, म्हणजे थांबवायचा ठरलेला शब्द, आला नाही, म्हणून मी हलले नाही. बंगल्याचं स्वयंपाकघर त्या खोलीला लागून. तिथं आमची एक मैत्रीण सगळ्यांसाठी चहा गाळत होती. तिनं गाळणी पातेल्याच्या काठावर ठेवली, गॅस बंद केला, बॅग उचलली. मी फाटकापर्यंत मागं गेले. ती म्हणाली, "ताई, त्यांनी शिवी म्हणून जे वापरलं ते माझ्या जातीचं नाव आहे. माझ्या शाळेच्या दाखल्यावर आहे." एवढंच बोलली आणि संकेश्वरच्या बसमध्ये चढली. परत कधी आली नाही.

आत चहा तसाच राहिला, वर साय धरलेली. मला कुणी काही बोललं नाही. नियमाप्रमाणं मी काही चुकलेच नव्हते. दोघांची संमती होती, मी दोघांवर लक्ष ठेवून होते. तिसरीला कुणी विचारलं होतं?

तेव्हापासून माझा नियम एका ओळीचा आहे. जात, वर्ण, धर्म, भाषा यांवरून अपमान करणारा सीन मीटमध्ये नाही. हॉलमध्ये नाही आणि दार लावून खोलीतही नाही, कारण भाड्याच्या बंगल्याच्या भिंती कशा असतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या घरी दोघं काय करतात त्याची चौकशी मी करत नाही. मीट हे चार लोकांत येणं आहे, तिथं ऐकणाऱ्याची आणि बघणाऱ्याचीही संमती लागते. छडी, दोरी, गुडघ्यावर बसणं या गोष्टींची संमती तो माणूस मीटला येतो तेव्हाच देतो, त्याला माहीत असतं इथं काय चालतं. स्वतःच्या जातीचं नाव ऐकून घ्यायची संमती तो देत नाही.

कुणी तुम्हाला म्हणेल, अमेरिकेत तर रेस प्ले, म्हणजे वर्णावरून अपमानाचा खेळ, म्हणून हे उघड करतात. करतात, आणि त्यावरून तिथं वर्षानुवर्षं भांडणंही होतात. मोलेना विल्यम्स म्हणून एक काळी बाई, 2010 ची इंटरनॅशनल मिस लेदर, तिनं या विषयावर जाहीरपणे बोलून सांगितलं की हे मी माझ्या मर्जीनं, माझ्या इतिहासाशी झटत करते. तिच्यावर टीका करणारेही काळेच होते. मला यातून घ्यायचं ते इतकंच की तिनं स्वतः निवडलं. तुमच्याकडं निवडणारा आहे एक आपल्यासारखा गव्हाळ माणूस, डबीतला रंग घेऊन. संध्याकाळी तो तोंड धुणार.

आपल्याकडं 'वर्ण' म्हटलं की लोक म्हणतात इथं कुठं गोरे-काळे. जात आहे की. मराठीतल्या शिव्या एकेक काढून बघा, कितीतरी कुणाच्या ना कुणाच्या जातीचं नाव आहेत. म्हणून अपमानाचा सीन ठरवताना मी कोरा कागद देते आणि वापरायचे शब्द आधीच लिहून घेते. 'नालायक', 'कामचुकार', 'बावळट' यांवर काम भागतं. ज्याचं भागत नाही त्याची गोष्ट वेगळी आहे आणि ती मीटमध्ये सोडवायची नाही.

असाच एक प्रकार सौंदत्तीचा. एकदा एकानं 'यल्लम्माची जत्रा' थीम सुचवली होती, हिरव्या बांगड्या, कवड्यांची माळ, 'देवाला सोडलेली' वगैरे. त्याला ते फार कल्पक वाटत होतं. कर्नाटकात देवदासी सोडण्यावर बंदीचा कायदा 1982 चा आहे, पण ज्यांच्या आयांना सोडलं त्या मुली आज चाळिशीत आहेत, आपल्या आसपास नोकऱ्या करतात. आपल्या ग्रुपमध्ये तशी कुणी आहे का, हे विचारायचंसुद्धा नाही. आहे असं धरूनच चालायचं.

भाषेचं बोलू, कारण आपल्या मीटमध्ये खरा घोळ इथंच होतो. बेळगावच्या माणसाचं "चालतंय की" म्हणजे होकार नव्हे. कधी त्याचा अर्थ 'हो', कधी 'वाद नको', कधी 'तू मोठा आहेस म्हणून गप्प बसतो'. "बघू या" म्हणजे तर सरळ नाहीच. मान डोलावली, हसला, "हं" म्हणाला, यांपैकी काहीही मी होकार धरत नाही. शब्दानं, पूर्ण वाक्यात, काय करायला हो ते सांगायचं. आणि ते त्याच्या भाषेत. कन्नड माणसाला मराठीत लिमिट विचारून त्याच्या मोडक्या मराठीतल्या उत्तरावर सीन करू नका.

धारवाडचा एक जण कोल्हापूरच्या दोरीवाल्याकडं बांधून घेत होता. हाताला मुंग्या आल्या म्हणून तो "साकु, साकु" म्हणायला लागला, म्हणजे पुरे. कोल्हापूरकराला कन्नडचा गंध नाही, त्याला ऐकू आलं 'चाकू'. तो घाबरून कात्री आणायला पळाला आणि दोरी कापून मोकळा झाला. निकाल बरोबर लागला, पण नशिबानं. त्यानंतर प्रत्येक सीनआधी 'नको', 'पुरे' आणि त्यांचे कन्नड 'बेडा', 'साकु' हे चारही शब्द दोघांच्या तोंडून वदवून घेतो, आणि सेफवर्ड वेगळा ठेवतो.

सेफवर्ड म्हणून सगळीकडं वापरतात ते हिरवा-पिवळा-लाल. आमच्या पहिल्याच मीटमध्ये एक काका म्हणाले, "लाल-पिवळा म्हटल्यावर मी थांबणार नाही, मोर्चा काढणार." लाल-पिवळा हा कन्नड झेंडा. हसून झाल्यावर लक्षात आलं की कन्नड मंडळी हसली नव्हती. झेंड्यावरचे विनोदही त्या दिवसापासून बंद. आता आम्ही 'सिग्नल' म्हणतो आणि रंग इंग्रजीत, रेड आणि यलो. तोंड बांधलेलं असेल तर हातात किल्ल्यांचा जुडगा, तो खाली पडला की सीन थांबला.

पाहुण्यांबद्दल एक राहिलं. गोव्याहून गोरी बाई आली की आपले चार पुरुष पाळीपाळीनं तिच्या शेजारी जाऊन बसतात, कारण 'त्यांच्यात काही वाटत नाही'. ईशान्येकडच्या मुलीला मसाजबद्दल विचारतात. धारवाडच्या त्या आफ्रिकन मुलाला पहिल्या दहा मिनिटांत कुणीतरी 'ताकदी'वरून काहीतरी बोलणार, सिद्दी मुलीला 'तुम्ही अॅथलेटिक्समध्ये का नाही?' हे विचारणारच. सरकारनं ऐंशीच्या दशकात सिद्दी पोरांना खेळांसाठी निवडून नेलं होतं, तेव्हापासून तेवढंच लोकांच्या डोक्यात राहिलंय. बोलणाऱ्याला हे कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं की समोरच्यानं आपल्याला नाही, आपल्या कातडीला बोलावलंय. अशा माणसाला एकदा बाजूला घेऊन सांगायचं, दुसऱ्यांदा त्याची बॅग गेटवर. वय, देणगी, 'जुना सदस्य' हे काही बघायचं नाही.

कायद्याचं मी वकिलासारखं सांगणार नाही, पण चार गोष्टी आयोजकाला तोंडपाठ हव्यात. अठरा वर्षं पूर्ण, ओळखपत्र बघून, यात सवलत नाही. 2013 पासून संमतीची व्याख्या कायद्यातच आहे आणि 1 जुलै 2024 पासून ती भारतीय न्याय संहितेच्या कलम 63 मध्ये आहे. स्वेच्छेची आणि निःसंदिग्ध संमती लागते, बाईनं प्रतिकार केला नाही एवढ्यावरून ती तयार होती असं धरता येत नाही. गंभीर दुखापतीला संमतीची ढाल चालत नाही, कलम 25 वाचा. आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाचा चार लोकांच्या समोर जातीवरून अपमान हा 1989 च्या अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा आहे. 'सीन होता' हे पोलिसांना सांगून बघायची हौस मला नाही.

बाकीचं तुम्ही करताच असाल. प्यायलेल्याचा सीन नाही, गोव्याहून बाटली आली तर ती रविवारी दुपारी निघताना उघडायची. पहिल्यांदा येणारा आधी एकदा नुसत्या 'मंच'ला, म्हणजे सीन नसलेल्या गप्पांच्या भेटीला, येतो, चहा पितो, जातो.

एक गोष्ट मात्र करू नका. त्या सिद्दी मुलीला फोन करून "तुला या थीमचं काही वाटेल का?" असं विचारू नका. ती काय म्हणेल ते मी आताच सांगते. "चालतंय की." पंधरा जणांची गंमत घालवणारी एकटी व्हायला कुणाला आवडतं? आणि ती खरंच 'नको' म्हणाली तर उद्या ग्रुपवर 'तिच्यामुळं थीम गेली' असं होणार. निर्णय तुमच्या नावानं जाऊ दे. त्या आफ्रिकन मुलालाही मुद्दाम काही कळवायचं नाही, सगळ्यांना जाणारा मेसेज त्यालाही जाईल, मराठी, कन्नड आणि इंग्रजी तिन्हीत.

जुन्या सदस्याला मी असं लिहिलं असतं: "दादा, गुलाम-बाजाराची थीम घेत नाही आहोत. चेहऱ्याला रंग लावून कुणी यायचं नाही. तुमची जागा राखून ठेवली आहे, गुरुवारपर्यंत येणार की नाही ते कळवा." बस्स. तो 'राजकारण' म्हणाला तर उत्तर देऊ नका, गुरुवारची वाट बघा. नाही आला तर सतरा ताटं सांगा.

मीटच्या वेळी सगळ्यांचे फोन जमा करून ठेवायला माझ्याकडं पंधरा किलोचा पिठाचा स्टीलचा डबा आहे, झाकण घट्ट बसतं. प्रत्येक फोनला नावाची चिठ्ठी आणि रबर. हवा असेल तर शुक्रवारी टिळकवाडीतून घेऊन जा, फक्त परत देताना आतून पुसून द्या.