‘संशयकल्लोळ’, ‘शारदा’ ही नाटकं आजही का करतात?

प्रश्न असा आहे: शंभर वर्षांपूर्वीची तीच तीच नाटकं अजून का करतात? नवीन लिहायला कोणी नाही, की म्हाताऱ्या प्रेक्षकांची हौस? आणि करायचीच तर आजच्या काळात आणून का करत नाहीत?

शेवटच्या वाक्याने दुखऱ्या जागी बोट ठेवलंत, म्हणून लिहितोय.

हौसेवर एक प्रयोग निघतो, दुसरा नाही. ऑर्गन टेम्पोत घालून न्यायचा, पडदे, साथीदार, नाट्यगृहाचं भाडं, हे सगळं हौसेच्या आवाक्याबाहेर आहे. शिवाय जुनं ते सगळं टिकलंय असंही नाही. त्या काळातली बहुतेक संगीत नाटकं कोणाला नावानेही आठवत नाहीत. जी टिकली त्यांचा सांगाडा पक्का होता. पदं कापा, नट बदला, पाचाचे दोन अंक करा, नाटक उभं राहतं.

‘संशयकल्लोळ’च घ्या. फ्रेंच नाटककार मोलिएरचं मूळ नाटक १६६० चं. त्यावरून मर्फीने १७६१ मध्ये इंग्रजीत केलं, त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव’ हे गद्य नाटक लिहिलं आणि त्यालाच पदं घालून १९१६ मध्ये ‘संशयकल्लोळ’ रंगभूमीवर आलं. देश, भाषा, पोशाख सगळं बदललं; तसबीर मात्र जशीच्या तशी राहिली. फाल्गुनराव आणि कृत्तिका हे संशयी नवरा-बायको, रेवती आणि अश्विनशेठ हे प्रेमी. रेवती रस्त्यात घेरी येऊन पडते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते कृत्तिका बघते. रेवतीच्या हातून अश्विनशेठची तसबीर पडते, ती कृत्तिकेला सापडते आणि तिच्या हातात परपुरुषाची तसबीर फाल्गुनरावाला दिसते. पुढचं सगळं नाटक एवढ्या खुंटीवर टांगलेलं आहे. (देवलांनी पुरुषांना महिन्यांची आणि बायकांना नक्षत्रांची नावं दिली, ही गंमत पुष्कळांच्या लक्षातच येत नाही.)

आता ‘आजच्या काळात आणा’चं काय होतं ते बघा. एका हौशी संचाने तसबिरीच्या जागी मोबाइल घेतला. कल्पना ऐकायला झकास. तालमीतच लंगडायला लागली. पडलेला मोबाइल उचलला की स्क्रीन बंद, आणि उघडायला पासवर्ड. म्हणून कुलूपच नसलेला मोबाइल घेतला, तर अर्ध्या मिनिटात उजेड गेला आणि कृत्तिकेने ‘किती देखणा’ म्हटलं ते काळ्या काचेकडे बघून. मग स्क्रीन सतत चालू ठेवली, तर तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड आणि पाचव्या रांगेपलीकडे फोटो कोणाचा ते दिसेना. हे सगळं निस्तरता येतं. निस्तरता न येणारी गोष्ट वेगळीच आहे. हरवलेल्या मोबाइलवर मालक फोन करतो. एक फोन आला की गैरसमज मिटला आणि नाटक पहिल्याच अंकात आटोपलं. तसबीर मुकी असते. चेहरा दाखवते, पण कोणाची, कोणासाठी, कुठून आली ते सांगत नाही. तिच्या त्या मुकेपणावर सगळा संशय पोसलेला आहे. बदल करणाऱ्याने आधी वस्तू काय काम करते ते बघावं, मग तिला हात लावावा.

तसबीर तळहातापेक्षा थोडी मोठी घ्या, साधारण चार बाय सहा इंच. लॉकेट घेऊ नका, बाल्कनीतून दिसत नाही. काच काढून टाका, स्पॉटचा उजेड परततो आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांवर तिरीप जाते. चौकट हलकी हवी, कारण ती खरोखर पडायची आहे. दुसरी तशीच विंगेत ठेवा.

टिकण्याचं दुसरं कारण पात्रयोजनेत आहे. इथे हशाचा भार फाल्गुनराव, कृत्तिका आणि त्यांचा नोकर भादव्या उचलतात आणि गाण्याचा अश्विनशेठ-रेवती. गाणाऱ्याला विनोदाचं टायमिंग नसलं तरी चालतं, विनोदी नटाला सूर नसला तरी चालतं. लहान गावातल्या संचाला दोन्ही गुण एकाच माणसात कुठून मिळणार?

‘शारदा’चं उत्तर वेगळं. देवलांचंच १८९९ चं नाटक, विषय जरठ-बाला विवाहाचा, म्हणजे म्हाताऱ्याशी लहान मुलीचं लग्न लावण्याचा. १९२९ मध्ये बालविवाहाविरुद्ध कायदा झाला. (तो शारदा कायदा म्हणून ओळखला जातो तो हरविलास सारडांमुळे, नाटकामुळे नव्हे.) मग विषय संपला का? नाही, कारण नाटक वयापेक्षा पैशाचं जास्त आहे. कांचनभट मुलगी विकतो आणि भद्रेश्वर दलाली करतो. भद्रेश्वर नुसता विनोदी केला की नाटक म्हातारं दिसतं. सभ्य, गोड बोलणारा दलाल केला की प्रेक्षक खुर्चीत सावरून बसतात.

कापाकापीबद्दल. तीन तासांत नाटक बसवायचं, मध्यंतर पंधरा मिनिटांचं, म्हणजे हातात १६५ मिनिटं. गद्याला १००. उरलेल्या ६५ मध्ये चार-चार मिनिटांची बारा पदं आणि आठ-आठ मिनिटं रंगवायची दोन, संपलं. कोणती ठेवायची? ज्या पदात पात्राचं मन वळतं ते ठेवा. आधीच्या संवादातलं पुन्हा सांगणारं पद कितीही गाजलेलं असलं तरी काढा. सगळे उलटं करतात: रेकॉर्डवरची गाजलेली ठेवतात, जोडणारी काढतात. मग पुढचा प्रवेश का घडला ते कोणाला कळत नाही आणि खापर ‘जुन्या नाटका’वर फुटतं.

आणि ट्रॅक, म्हणजे आधी रेकॉर्ड केलेली साथ. इथे माझं जुनं भांडण आहे, ते मिटलेलं नाही. ‘ऑर्गन-तबलजी परवडत नाहीत, ट्रॅक लावू’ म्हणणाऱ्या निर्मात्यांनी संगीत नाटक करू नये. हशा लांबला तर ट्रॅक थांबत नाही. वन्समोअर आला तर कुठून सुरू करायचं? नटाला आलाप सुचला की तो ट्रॅकच्या तालाबाहेर. ऑर्गनवाल्याला पायाने भाता मारायचा असल्याने दोन्ही हात मोकळे असतात. संवाद चालू असतानाच तो हळूच सूर धरतो आणि नट बोलता बोलता पदात शिरतो. ट्रॅकवर आधी सुरुवातीचं संगीत वाजतं, नट तोवर ताटकळत उभा, आणि प्रेक्षकांना कळतं की आता गाणं येणार.

जिवंत साथीतही घोटाळे होतात. नायक काळी एकला आणि नायिका काळी चारला (म्हणजे पेटीच्या पहिल्या आणि चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) गात असली, तर नायकाचा पंचम (प) हाच नायिकेचा षड्ज (सा). नायकाच्या पदानंतर लगेच तिचं पद आलं आणि ऑर्गन जुन्याच षड्जावर रेंगाळला, तर ती चुकीच्या सुरात उठते. मधल्या दोन वाक्यांत सूर पुसून नवा द्या. तबले दोन हवेत: काळी एकला साडेपाच इंच तोंडाच्या आसपासचा, काळी चारला सहाच्या वरचा. एसी सुरू करून अर्धा तास झाल्यावर ते सुरात लावा; कोरड्या गार हवेत पुडी (तबल्याचं कातडं) ताणते आणि सूर चढतो.

नवीन का लिहीत नाहीत? लिहितात की. ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७ चं आहे आणि तेही आता जुन्यांत गेलं.

एक राहिलंच. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी शब्द मोकळे होतात, त्यामुळे देवल, गडकरी, खाडिलकर यांच्या संहितांना परवानगी लागत नाही. मात्र नंतर कोणी बांधलेल्या चाली वेगळ्या, त्यांचे हक्क शिल्लक असू शकतात. आणि महाराष्ट्रात संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाचं, प्रमाणपत्र लागतं. तालमी अर्ध्या झाल्यावर नव्हे, आधीच अर्ज टाका.