जहाज फुटलं, बुडालं की मोडीत गेलं?

मुंबईच्या जुन्या गोदीतल्या जहाजांच्या नोंदी मराठीत आणणाऱ्या कोल्हापूरच्याच एका विद्यार्थ्यानं विचारलंय : 'जहाज मोडीत काढलं' यातल्या 'मोडीत'चा मोडी लिपीशी संबंध आहे का? आणि बुडालेल्या जहाजालाही 'मोडीत गेलं' म्हटलं तर चालेल का?

लिपीचा काही संबंध नाही, बाळा. एकदा आपल्या गुजरीत, सराफांच्या पेठेत, जाऊन उभा राहा. कुणी म्हातारी झिजलेली पाटली काढून देते, सराफ ती काट्यावर टाकतो आणि विचारतो, "मोडायची, की उजळून देऊ?" मोडायची म्हटलं की पाटली संपली, उरलं फक्त वजन. फुटक्या तांब्या-पितळेचंही तेच, ती 'मोड'. जहाज मोडीत काढायचं तर कुणीतरी ते तोडून लाकूड-लोखंड विकलं पाहिजे. समुद्राच्या तळाशी गेलेल्याची मोड कोण घेणार? ते 'बुडालं'. खडकावर आपटून तुकडे झाले तर 'फुटलं', घागर फुटावी तसं. १७५६ साली विजयदुर्गाला तुळाजी आंग्र्यांचं आरमार आगीत गेलं, ते 'जळालं'. सगळीकडं 'नष्ट झाले' लिहून मोकळं होऊ नकोस. जहाज कसं गेलं, हे मराठीत क्रियापदच सांगतं. (आपल्याला घाटावर बसून समुद्राचे शब्द कशाला, असं म्हणू नकोस. १८१२ पर्यंत मालवण-सिंधुदुर्ग करवीरकर छत्रपतींकडंच होतं.)

'सर्वेक्षण' जमिनीचं, जहाजाची 'पाहणी' किंवा 'तपासणी'. एखादी फट बुजवली तर 'डागडुजी', तळाच्या फळ्याच बदलल्या तर 'दुरुस्ती'. आणि 'गोदीत घेतलं' व 'धक्क्याला लागलं' यांची गल्लत नको. माल चढवायला-उतरवायला धक्का. तळ उघडा करायचा तर सुकी गोदी : जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, पाणी काढायचं. मुंबईत अशी गोदी १७५० पासून आहे.

त्याच मुंबईच्या गोदीत १८१३ साली 'कॉर्नवॉलिस' हे सागवानी लढाऊ जहाज पाण्यात उतरलं. इंग्रज आणि चीन यांच्यातला १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. पुढं १८६५ साली इंग्लंडात शीअरनेसला त्या जहाजाचाच धक्का केला! तो तोडला १९५७ साली. तिथं मात्र खुशाल लिही, 'मोडीत काढलं'.